हात कुणाच्या बाजूनं वर गेला?



रात्रपाळी करून आलेले कितीतरी जण समोर बसलेत. त्यांचे डोळे बघूनच कळतंय की मला लांबण लावून चालणार नाही. पण विषय असा आहे की दोन मिनिटांत उरकणार नाही. तेव्हा डुलकी लागली तर खुशाल लागू द्या, शेजाऱ्यानं मात्र कोपर मारून उठवायचं.

निवडणूक आली की गिरणीच्या गेटावर उमेदवार येतो. पाळी सुटायच्या वेळेला बरोबर येतो. हात जोडतो, पोराबाळांची चौकशी करतो, सीमाभागाचं नाव निघालं की गळा दाटून आणतो. आपण काय करतो? माणूस बोलायला बरा आहे का, आपल्या गावचा आहे का, देवळाला पैसे दिले का, एवढं बघतो. सभागृहात बसून त्यानं पाच वर्षं काय केलं, हे आपण विचारत नाही. त्याची जमीन किती, सोनं किती, खटले किती, हे आज कागदावर लिहून द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टानं २००२ साली तसा निकाल दिला म्हणून. पण कुठल्या करासाठी त्यानं होय म्हटलं, कुठल्या खर्चाला नाही म्हटलं, याचा रकाना त्या प्रतिज्ञापत्रात नाही. बायकोच्या बांगड्या मोजून मिळतात, त्याची मतं मोजून मिळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपली चळवळ भाषेची. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारची. हा कराचा आणि अर्थसंकल्पाचा हिशेब इथं कशाला आणला? त्याचंच उत्तर आधी देतो.

भाषावार राज्य आपल्या बापजाद्यांनी कशाला मागितलं? पाटीवरचं नाव बदलायला नव्हे. सरकार आपल्याकडून काय घेतं आणि कुणाला देतं, हे आपल्या भाषेत वाचता यावं, विचारता यावं, म्हणून मागितलं. मुंबईत राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला आणि मराठी ही सरकारची भाषा ठरली. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाला आज विधानसभेची छापील कार्यवाही वाचता येते, ती मराठीत आहे म्हणून. अडतो, पुन्हा वाचतो, एक निवृत्त गुरुजी आहेत त्यांना विचारतो. पण वाचतो. आता बेळगावच्या वडगाव-शहापूरच्या मागावरचा माझा भाऊ घ्या. तोही कर भरतो. त्याचा अर्थसंकल्प कन्नडात वाचला जातो. कन्नड भाषेशी माझं काही वैर नाही, ती थोर भाषा आहे, आपले कितीतरी सोबती तीच बोलतात आणि त्यांच्याशी आपला संप नेहमी एकत्रच झालेला आहे. पण ज्याला ती वाचता येत नाही त्यानं आपल्या पैशाचा हिशेब कुणाकडं मागायचा? १ नोव्हेंबर १९५६ पासून त्याच्या घरात हीच अडचण आहे. म्हणून दर वर्षी त्या तारखेला तो काळा दिवस पाळतो. आणि हिशेब विचारायला स्वतःचा माणूस सभागृहात पाठवावा म्हटलं तर २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. त्यात आपल्यातल्या फाटाफुटीचा वाटा केवढा, हे मी इथं उगाळत नाही. ज्यांनी केलं त्यांना ठाऊक आहे.

आता थोडं मागं जाऊ.

उमेदवाराचं मत तपासायचं हे काही मी नवीन काढलेलं खूळ नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनंच ते आपल्याला शिकवलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावात चालल्या. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती उभी राहिली. मग १९५७ ची निवडणूक आली. त्या वेळी गिरणी कामगारानं उमेदवाराला काय विचारलं? तुझी विद्वत्ता किती, हे नाही विचारलं. द्विभाषिक राज्याच्या बाजूला तू होतास की विरुद्ध, एवढं एकच विचारलं. ज्यांनी दिल्लीत आणि मुंबईत गप बसून मान डोलावली होती, त्यांतले मोठेमोठे पश्चिम महाराष्ट्रात आडवे झाले. कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेत गेले, आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी विधानसभेत गेले. हे मत तपासणंच होतं, दुसरं काय?

आणि चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण तर आपल्या आजच्या विषयाला अगदी लागू आहे. ते देशाचे अर्थमंत्री. कुलाब्यातून निवडून गेलेले. तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हातात. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी ती खुर्ची सोडली. कामगारांचे पुढारी ते कधीच नव्हते, आणि त्यांच्या अर्थसंकल्पांवर आपल्या लोकांनी टीकाही पुष्कळ केली असेल. पण जिथं मत द्यायचं तिथं त्यांनी उघड दिलं, त्याची किंमत मोजली, आणि ते नोंदलं गेलं. एवढं मला पुरे.

पण १९५७ सालीच आपलं एक राहून गेलं. समितीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. सगळे एका कलमावर एकत्र आले होते. ते कलम पवित्र होतं. पण पगार, कर, शेतसारा, गिरणीमालक, यांवर सगळ्यांचं एक मत नव्हतं आणि ते कुणी विचारलंही नाही. राज्य मिळालं, १ मे १९६० उजाडला, आणि समिती हळूहळू विस्कटली. ज्या दिवशी कलम पुरं झालं त्या दिवशी धागा तुटला. सीमाभाग बाहेर राहिला तो राहिलाच. म्हणून मी म्हणतो, आपल्या चळवळीचा शेला गळ्यात घालून जो उमेदवार येतो, त्यालासुद्धा कराचा प्रश्न विचारायचा. आपला आहे म्हणून सोडायचं नाही. मला ठाऊक आहे, व्यासपीठावर बसलेल्या काही मंडळींना हे रुचणार नाही. त्यांनी मला नंतर चहाला बोलवावं, मी येईन.

बरं, आता कापडाकडं वळू. आपण सूत काढतो, कापड विणतो, आणि त्या कापडावर कर किती हे कोण ठरवतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

एके काळी राज्याची विधानसभा विक्रीकर ठरवायची. तुमचा आमदार तिथं होय म्हणायचा किंवा नाही म्हणायचा. १९५६ साली राज्यांनी मिळून कबूल केलं की मिलचं कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकर लावायचा नाही. त्याच्या बदल्यात दिल्लीनं जादा अबकारी लावायची आणि वसूल झालेला पैसा राज्यांना वाटून द्यायचा. डिसेंबर १९५७ मध्ये तसा कायदा झाला. व्यापाऱ्याला ते सोयीचं होतं, त्यात चूक काढत नाही. पण त्या दिवसापासून आपल्या हातच्या मालावरचा कर मुंबईच्या सभागृहातून उठून दिल्लीला गेला. कामगारानं आमदाराला विचारावं तर तो म्हणणार, माझ्याकडं नाही बाबा, खासदाराला विचार.

पुढं १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी मे महिन्यात मुंबईत विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं, कायदा मंजूर झाला. आता दर ठरवते जीएसटी कौन्सिल. तिथं प्रत्येक राज्याचा एक मंत्री आणि केंद्राचे अर्थमंत्री. केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन-चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्र नाही म्हणालं तर सगळी राज्यं एक झाली तरी ठराव होत नाही. आणि मतं तरी कधी मोजतात? पहिल्यांदा मतदान झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरच्या करासाठी. बाकी सगळं सर्वसंमतीनं.

याचा अर्थ काय झाला ते एका गोष्टीवरून सांगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये कौन्सिलनं ठरवलं की कापडावरचा कर ५ टक्क्यांवरून १२ टक्के करायचा, १ जानेवारी २०२२ पासून. नोव्हेंबरमध्ये हुकूम निघाला. सुरतेपासून सगळ्या कापडगावांत ओरड झाली. शेवटी ३१ डिसेंबरला, म्हणजे लागू व्हायच्या आदल्या दिवशी, तो निर्णय थांबवला. ५०० रुपयांच्या सदऱ्यामागं २५ रुपयांचे ६० रुपये होणार होते, आणि मागणी घटली की माग बंद, माग बंद की सूत पडून, सूत पडून की आपल्याला बसवणार. एवढी मोठी गोष्ट. आता मला सांगा, यावर कुठल्या आमदारानं मत दिलं? कुठल्या खासदारानं? कुणीच नाही. वाढवतानाही नाही आणि थांबवतानाही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्यावरचा कर १२ वरून ५ वर आणला, २५०० रुपयांपर्यंतचे तयार कपडे ५ टक्क्यांत घेतले. चांगलं केलं. पण तेही तसंच झालं. चांगलं होताना कुणाला धन्यवाद द्यायचे आणि वाईट होताना कुणाची मान धरायची, याचा धागा सापडत नाही, ही माझी तक्रार आहे.

असं असलं तरी आमदाराच्या हातात काहीच राहिलेलं नाही, हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट राज्याचा. दारूवरची अबकारी राज्याची. विजेवरचं शुल्क राज्याचं. मुद्रांक राज्याचा. आणि तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर पी.टी. म्हणून जे २०० रुपये कापलेले दिसतात ते राज्याचे. फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे २५००. घटनेनंच ती कमाल मर्यादा घातलेली आहे, नाहीतर अजून कापले असते.

या पी.टी.चीच जरा हकीकत ऐका. मी स्वतः कितीतरी वर्षं त्याला शिव्या देत होतो. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. तिला पैसा पाहिजे म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं द्यायचा, सरकारनं त्यात आपला तेवढाच वाटा घालायचा, आणि खेड्यातल्या माणसानं काम मागितलं की त्याला काम द्यायचं. १९७७ साली त्याचा कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला. देशभर तसा कायदा पुढं २००५ साली झाला, म्हणजे महाराष्ट्र पंचवीस वर्षं पुढं होता. हे मला गुरुजींनी समजावून सांगितलं तेव्हा मी गप्प झालो. माझी आई त्या योजनेच्या कामावर गेलेली आहे. ज्या पैशावर आमच्या घरात भाकरी झाली तो पैसा कुठल्यातरी गिरणीतल्या माणसाच्या पगारातून गेलेला असणार.

म्हणून सांगतो, करासाठी होय म्हटलं एवढ्यावरून माणूस वाईट ठरत नाही. त्या कराला मी सभागृहात असतो तर होयच म्हटलं असतं. कर कुणाच्या खिशातून आला आणि कुणाच्या ताटात गेला, ही दोन्ही टोकं धरून बघायला लागतात. कमी पगाराच्या माणसाला त्यातून सूट आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात बायकांना महिना २५,००० पर्यंत सूट झाली. रिंगखात्यातल्या आमच्या बहिणींना त्याचा उपयोग झाला, ते मान्य करायला पाहिजे.

आणि उलट टोकाला बघा. १९५७ साली दिल्लीच्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराची मर्यादा ४२०० रुपयांवरून ३००० वर आणली, चहा, साखर, तंबाखूवरची अबकारी वाढवली. गरिबाच्या खिशात हात घातला. पण त्याच वर्षी श्रीमंतांवर संपत्तीकर आणि खर्चकरही बसवला. मृत्यूकर त्याआधी १९५३ ला आला होता, बक्षीसकर १९५८ ला आला. आता ते कर कुठं आहेत? खर्चकर १९६२ ला काढला, पुन्हा आणला, १९६६ ला पुन्हा काढला. मृत्यूकर १९८५ ला गेला. बक्षीसकर १९९८ ला गेला. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पानं गेला. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. काढणाऱ्यांनी कारणंही दिली, की वसुली थोडी आणि त्रास फार. असेल. पण आमच्या पगारातून २०० रुपये कापायला मालकाला कधी त्रास झाल्याचं मी ऐकलं नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्के केला, तो तर आधी वटहुकमानं केला. सभागृह नंतर.

आता मूळ अडचण. समजा तुम्ही ठरवलंत की आपल्या आमदाराचं मत शोधायचं. कसं शोधाल? मी शोधलं, म्हणून सांगतो.

मागच्या खेपेला एक उमेदवार आमच्या गेटवर आले. नाव सांगत नाही, पक्षही सांगत नाही. म्हणाले, सूतगिरण्यांसाठी मी सभागृहात भांडलो, सरकारी पैसा मीच आणला. मी आधी ज्या गिरणीत होतो ती बंद पडलेली, आमची ग्रॅच्युइटी अजून आलेली नाही. म्हटलं, बघू तर खरं कसे भांडले. सहकारी सूतगिरणीचा हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे. शंभर रुपयांतले पाच सभासदांचे, पंचेचाळीस सरकारचं भागभांडवल, पन्नास कर्जाचे. हे पंचेचाळीस म्हणजे तुमचेच पैसे, अर्थसंकल्पातून आलेले. वस्त्रोद्योगाच्या मागणीत ते असतात, नाहीतर पुरवणी मागण्यांत घुसवलेले असतात. मी कार्यवाही मिळवली. गुरुजी आणि मी चार रविवार बसलो.

काय सापडलं? त्या दिवशी त्या मागणीवर त्यांचं एक अक्षर नाही. आणि मत? तिथं असं लिहिलेलं असतं, मागणी मतास टाकण्यात आली व संमत झाली. बस्स. कुणाचं नाव नाही. याला आवाजी मतदान म्हणतात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. एकदम गलका होतो. अध्यक्ष म्हणतात, होयचं बहुमत. झालं. कोट्यवधी रुपये गेले. आपल्या खात्यात एक रिळ कमी भरलं तर फिटर नंबर लिहून घेतो.

नावं नोंदायची सोय नाही असं नाही. सदस्यांनी पोल मागितला तर मतं मोजावी लागतात. ४ जुलै २०२२ ला विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी महाराष्ट्र विधानसभेत एकेकाला उभं करून शिरगणती केली. १६४ विरुद्ध ९९, असा आकडा निघाला. कोण कुठं उभा राहिला ते साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं. म्हणजे खुर्ची कुणाची हे ठरवायचं असलं की डोकी मोजतात, पैसा कुणाचा हे ठरवायचं असलं की आवाज मोजतात.

आणि लोकसभेत तरी काय? अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर चर्चेला ठरावीक दिवस असतात. वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मतास टाकतात. त्याला गिलोटीन म्हणतात, मुंडकं उडवायचं यंत्र. नाव फार खरं ठेवलंय. १४ मार्च २०१८ ला तर सगळाच अर्थसंकल्प गोंधळात, चर्चेविना, त्या यंत्राखाली गेला. त्याच वित्त विधेयकात खासदारांचा पगार महिना एक लाख रुपये झाला, आणि परदेशी देणग्यांबद्दलच्या कायद्यात १९७६ पासून मागच्या तारखेनं दुरुस्ती झाली. कोण विरोधात होता हे शोधायला गेलात तर गोंधळ सापडेल, मत सापडणार नाही. आपला महागाई भत्ता एका पैशानं वाढवायला किती वाटाघाटी लागतात ते मी सांगायला नको.

उमेदवाराला हे विचारलंत तर तो एक हुकमी पत्ता टाकेल. म्हणेल, पक्षादेश होता, मी काय करणार? हे अर्धं खरं आहे. १९८५ साली पक्षांतराविरुद्ध घटनेत दुरुस्ती झाली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मताला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तरच वाचतं. विकाऊ माणसांना आळा घालायला केलेला कायदा. विकाऊ माणसं किती थांबली ते तुम्ही बघितलंच, पण प्रामाणिक माणसाचं तोंड मात्र बांधलं गेलं.

तरीसुद्धा अर्धंच खरं. कारण बोलायला पक्षादेश आडवा येत नाही. वस्त्रोद्योगाच्या मागणीवर उठून, बंद गिरणीच्या कामगारांची देणी दिल्याशिवाय नवं भागभांडवल देऊ नका, असं म्हणायला कुणी बंदी केलेली नाही. ते कार्यवाहीत नावानिशी छापलं जातं. तारांकित प्रश्न नावानिशी छापला जातो. विरोधी बाकावर असला तर कपात सूचना देता येते. मागणीतून १०० रुपये कमी करा म्हणायचं, आणि त्या निमित्तानं आपलं गाऱ्हाणं मांडायचं. सूचना पडते, ती पडणारच असते. पण नाव राहतं. आणि पोल मागता येतो. ज्यानं पाच वर्षांत यातलं एकही केलं नाही त्यानं पक्षादेशाचं नाव सांगू नये.

म्हणून आपल्या युनियननं एक कागद केला आहे. पाठीमागं टेबलावर ठेवलाय. त्यावर लांबलचक काही नाही. उमेदवार आधी निवडून आलेला असेल तर त्याला विचारायचं, वस्त्रोद्योगाच्या मागणीवर कुठल्या साली बोललास, साल आणि अधिवेशन सांग. विजेच्या शुल्काबद्दल प्रश्न टाकलास का? पैशाच्या बाबीवर कधी पोल मागितलास का? बंद गिरण्यांच्या देण्यांबद्दल सभागृहात काय म्हणालास? आणि नवीन असेल तर हेच पुढच्या काळासाठी लिहून घ्यायचं, सहीनिशी.

आणखी एक प्रश्न आहे, तो सीमाभागाचा. तो मीच हट्टानं घातला. २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव केला. सगळ्या बाकांवरून टाळ्या पडल्या. आपणही गेटवर पेढे वाटले, मीही खाल्ला. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याला त्या ठरावानं बळ आलं असेल तर आनंदच आहे. पण ठरावाला पैसा लागत नाही. २०२३ साली सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा पहिल्यांदा ठरावाच्या मागं पैसा आला. बेंगळूरनं लगेच हरकत घेतली, यावरूनच कळतं की टाळ्यांपेक्षा पैसा टोचतो. आता उमेदवाराला विचारायचं, त्या गावांसाठी अर्थसंकल्पात किती ठेवले, किती खर्च झाले, बोरगावच्या किंवा निपाणीच्या माणसाला इकडच्या दवाखान्यात कार्ड दाखवल्यावर काय उत्तर मिळतं, हे तू एकदा तरी सभागृहात विचारलंस का? सीमाभागासाठी रडणारा माणूस हा आकडा सांगू शकला नाही, तर ते रडणं गेटापुरतं होतं असं समजायला मी मोकळा आहे.

मागच्या आठवड्यात हा कागद घेऊन आम्ही पाच जण एका उमेदवाराकडं गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, साहेब, १९५७ साली आमच्या आजोबांनी असंच विचारलं होतं, तेव्हा प्रश्न एकच होता, आता वाढलेत. त्यांनी उत्तरं लिहून द्यायला आठ दिवस मागितले. शनिवारी ते आठ दिवस पुरे होतात. त्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटल्यावर गेटवर जमायचं आहे. जे लिहून येईल ते मोठ्यानं वाचून दाखवू, आणि काही आलं नाही तर कोरा कागद दाखवू. दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी रात्री पुन्हा वाचू. कागद प्रत्येकानं एक घेऊन जा, बायकांनी जास्त घेऊन जा, कारण वस्तीत तुम्ही दहा घरं फिरता आणि आम्ही पारावर बसतो. भोंगा झाला, मला आत जायला पाहिजे.